मॉन्ट्रियलचा दुसऱ्या फळीचा संघ

४ ऑक्टोबर १९४६ चा दिवस. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात बेसबॉलचा सामना संपला होता आणि मैदानाबाहेर गोऱ्या लोकांचा मोठा जमाव एका काळ्या माणसाची वाट पाहत उभा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी असे दृश्य दिसले असते, तर त्याचा अर्थ एकच होता: दोर आणि झाड. मॉन्ट्रियलच्या लोकांना मात्र त्या माणसाला खांद्यावर घ्यायचे होते. तो बाहेर आला, लोकांनी त्याला उचलले, मिठ्या मारल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पुढच्या प्रवासाला निघायचे असल्याने तो कसाबसा सुटून पळू लागला, तर जमावही त्याच्यामागे रस्त्याने धावत सुटला. सॅम मॉल्टिन नावाच्या पत्रकाराने त्या दिवशी लिहिले, त्याचा आशय असा की गोऱ्यांचा जमाव काळ्या माणसाच्या मागे लागला आहे आणि जमावाच्या मनात जीव घेण्याऐवजी प्रेम आहे, असे इतिहासात बहुधा पहिल्यांदाच घडत असावे.

त्या माणसाचे नाव जॅकी रॉबिन्सन. त्याचे नाव पुढे जगभर झाले. पण गोऱ्यांच्या ज्या संघाने त्याला पहिल्यांदा आपल्या रांगेत उभे केले, तो संघ आज कुठेच नाही. त्याचे नाव होते मॉन्ट्रियल रॉयल्स.

आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी पाहत नाही. पण शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात, त्यामुळे पिचर, कॅचर, होम रन हे शब्द पुष्कळ घरांत आता माहीत आहेत. ज्यांना नाहीत त्यांच्यासाठी एवढे पुरे: एकजण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्याने तो टोलवतो आणि चार टप्पे धावून मूळ जागी परत येतो. तो परत आला की एक धाव.

अमेरिकेत या खेळाचे दोन थर आहेत. वरचा थर म्हणजे मेजर लीग. रॉबिन्सनच्या वेळी त्यात फक्त सोळा संघ होते. खालचा थर म्हणजे मायनर लीग. लहानमोठ्या गावांतले शेकडो संघ. यातले पुष्कळ संघ वरच्या एखाद्या मोठ्या संघाला बांधलेले असतात. तिकडे त्यांना ‘फार्म’ म्हणतात, म्हणजे शेत. मला मात्र रोपवाटिका हा शब्द जास्त बरोबर वाटतो. रोप इथे वाढवायचे आणि बळ आले की दुसऱ्याच्या वावरात नेऊन लावायचे. इथला चांगला खेळाडू इथे टिकत नाही, कारण चांगला ठरला की तो वर जातो. मागे राहतात ते वर न जाऊ शकलेले, किंवा वरून परत पाठवलेले. ज्या संघाचे उत्तम ते सगळे दुसऱ्याचे होणार हे आधीच ठरलेले असते, त्या संघावर गावाने जीव लावायचा, ही गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे. शिक्षकाला ती ओळखीचीही वाटते.

मॉन्ट्रियलमध्ये रॉयल्स हा संघ १८९७ मध्ये सुरू झाला. मध्ये काही वर्षे तो बंद होता. १९२८ मध्ये डेलोरिमिए नावाच्या नव्या मैदानावर तो पुन्हा उभा राहिला आणि १९३९ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या संघाची रोपवाटिका झाला. १९४५ सालापर्यंतची त्याची हकिकत इतर संघांसारखीच आहे.

त्या काळात मेजर लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता. नुसता समज होता आणि तो साठ वर्षे टिकला होता. काळ्या खेळाडूंचे संघ वेगळे, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी हा समज मोडायचे ठरवले. त्यात त्यांचा धर्मनिष्ठ स्वभाव होता आणि व्यवहारही होता. वाटेवर पडलेले सोने कोणी उचलत नाही, मग आपण का नको? दोन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या कार्यालयात बोलावले. रॉबिन्सन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. जन्म दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातला. वडील घर सोडून गेले. आईने पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्निया गाठले आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करून त्यांना वाढवले. भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले होते. जॅकी स्वतः विद्यापीठात चार-चार खेळ खेळलेला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी झाला. तिथे १९४४ मध्ये बसच्या मागच्या भागात जाऊन बसायला त्याने नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. हा माणूस मुळात खालच्या मानेचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

रिकी यांनी सुमारे तीन तास त्याची परीक्षा घेतली. कधी हॉटेलचा उर्मट कारकून होऊन, कधी विरुद्ध संघाचा खेळाडू होऊन ते त्याच्या तोंडावर शिव्या देत राहिले. रॉबिन्सनने विचारले, तुम्हाला उलटून मारायला घाबरणारा माणूस हवा आहे का? रिकी म्हणाले, मला उलटून न मारण्याइतकी हिंमत असलेला माणूस हवा आहे. महिना सहाशे डॉलर पगार आणि साडेतीन हजार डॉलर आगाऊ, असे ठरले. २३ ऑक्टोबरला मॉन्ट्रियलमध्ये करार जाहीर झाला. सुरुवात मॉन्ट्रियलमधून करायची, कारण ते शहर अमेरिकेबाहेर होते आणि तिथे विष कमी असेल असा रिकी यांचा अंदाज होता.

आपण सब्र हा शब्द फार सहज वापरतो. मुलीला सासरी त्रास झाला, सब्र कर. मुलाला नोकरी नाकारली, सब्र कर. पुढचे वाचताना त्या शब्दाचे वजन मला नव्याने कळले.

१० फेब्रुवारी १९४६ रोजी जॅकी आणि रेचल यांचा विवाह झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे फ्लोरिडातील सराव शिबिरासाठी विमानाने निघाले. निघताना जॅकीच्या आईने बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी भरून दिली. नवी नवरी, ठेवणीतले कपडे आणि हातात खाण्याचे खोके. रेचलला लाज वाटली. पण सासूचे मन मोडू नये म्हणून तिने ते घेतले. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर त्यांना पुढच्या विमानात जागा मिळाली नाही. उपाहारगृहात काळ्यांना बसून जेवायला मनाई होती. अखेर त्या खोक्यानेच दोघांची भूक भागवली. घरून डबा देणाऱ्या म्हातारीला जग कसे आहे ते सुनेपेक्षा जास्त ठाऊक होते.

पुढे पेन्साकोला येथे त्यांना पुन्हा विमानातून उतरवले. त्यांच्या जागा गोऱ्या प्रवाशांना मिळाल्या. मग बस. दोघे पुढच्या मोकळ्या आसनांवर बसले होते. चालकाने त्यांना मागच्या रांगेत जायला सांगितले, जिथली आसने मागे कलतही नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच गोष्टीला नकार देऊन खटल्याला सामोरा गेलेला माणूस उठला आणि निमूट मागे जाऊन बसला. त्याने रिकी यांना शब्द दिला होता. नवरा झोपला आहे असे वाटल्यावर रेचल अंधारात रडली. मला वाटते, त्या सगळ्या वर्षातला सर्वांत अवघड क्षण तोच होता, आणि तिथे एकही प्रेक्षक नव्हता.

शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी सॅनफर्ड गावातून निरोप आला, या माणसाला गावाबाहेर काढा. रॉबिन्सनला घाईने डेटोना बीचला हलवले. तिथे तो आणि रेचल एका काळ्या दाम्पत्याच्या घरी राहिले, कारण संघाच्या हॉटेलात त्यांना जागा नव्हती. जॅक्सनव्हिलला संघ सामन्यासाठी पोचला तर मैदानाला कुलूप. डीलँडमध्ये सांगितले, मैदानावरचे दिवे दुरुस्त करायचे आहेत. सामना दिवसाचा होता! सॅनफर्डला पुन्हा गेले तेव्हा खेळ सुरू असताना पोलीस प्रमुखाने मैदानात येऊन रॉबिन्सनला बाहेर काढायला लावले. एकट्या डेटोना बीचने १७ मार्चला त्याला उघडपणे खेळू दिले. ते मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

रॉयल्सचे व्यवस्थापक क्ले हॉपर हे मिसिसिपीचे, कट्टर वर्णभेदी वातावरणात वाढलेले. शिबिरात रॉबिन्सनने एक अवघड चेंडू अडवला तेव्हा शेजारी बसलेले रिकी म्हणाले, ही तर माणसाच्या ताकदीपलीकडची गोष्ट झाली. त्यावर हॉपरनी थरथरत विचारले की हा काळा खरोखर माणूस आहे असे तुम्हाला वाटते का? रिकी उत्तर न देता गप्प राहिले. हॉपरना त्यांनी कामावरून काढलेही नाही. माणूस बदलायला वेळ लागतो हे त्यांना माहीत असावे.

१८ एप्रिल १९४६. न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीत हंगामाचा पहिला सामना. पहिल्या संधीत रॉबिन्सन काहीच न करता बाद झाला. दुसऱ्या संधीत त्याने चेंडू कुंपणापलीकडे फेकला. तीन धावा. धावत तो शेवटच्या टप्प्यावर आला, तर पुढचा फलंदाज जॉर्ज शुबा हात पुढे करून उभा होता. एका गोऱ्या खेळाडूने काळ्या सहकाऱ्याचा हात हातात घेतला आणि नेमके त्याच क्षणी छायाचित्र निघाले. शुबा ओहायोतल्या यंग्जटाउन या पोलादाच्या गावातला, स्थलांतरित कुटुंबातला मुलगा. तो पुढे नेहमी सांगायचा की त्यात मोठे काही नव्हते, आमच्या खेळाडूने होम रन मारला होता, हात मिळवायचा नाही तर काय करायचे? २०२१ मध्ये यंग्जटाउनमध्ये त्या हस्तांदोलनाचा पुतळा उभारला गेला. त्या दिवशी रॉयल्सनी सामना १४-१ असा जिंकला. रॉबिन्सनने पाच संधींत चार वेळा चेंडू यशस्वी टोलवला.

मग ते मॉन्ट्रियलला आले, आणि इथे ही हकिकत खेळाच्या पानावरून घरात येते. डी गास्पे रस्त्यावर, ८२३२ क्रमांकाच्या घरात, भाड्याची जागा होती. वस्ती फ्रेंच बोलणाऱ्या साध्या कुटुंबांची. रेचल एकटीच जागा पाहायला गेली, नकाराची तयारी ठेवून. दार उघडणाऱ्या बाईने तिला आत बसवले, चहा दिला, घर दाखवले आणि वर म्हणाली की माझ्याच चादरी, माझीच भांडी वापरा. रेचल त्या वेळी गरोदर होती. युद्धानंतरच्या टंचाईत मांस शिधापत्रिकेवर मिळे. शेजारणींनी आपल्या वाट्याच्या चिठ्ठ्या तिला आणून दिल्या, कपडे शिवायला मदत केली. भाषा एकमेकींची येत नव्हती. गल्लीतली पोरे तिच्या पिशव्या उचलायला धावत.

घर भाड्याने शोधताना नाव सांगितल्यावर समोरचा आवाज कसा बदलतो, हे आपल्या वाचकांपैकी कित्येकांना ठाऊक आहे. त्यामुळे त्या चादरींचे मोल त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

मॉन्ट्रियल म्हणजे फरिश्त्यांची वस्ती होती असे कोणी समजू नये. त्या शहरात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य असूनही पैसा आणि अधिकार इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होते. कमी लेखले जाणे म्हणजे काय हे त्या गल्लीला माहीत होते. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्याकडेही पाहू. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व केवळ तकव्याने. काबागृहावरून अजान देण्याचा मान हजरत बिलाल (र.) यांना मिळाला. हे आपण मुलांना पाठ करून घेतो. आणि रिश्ता पाहताना पहिली अट काय घालतो? मुलगी गोरी हवी.

मैदानावर मात्र आराम नव्हता. बाल्टिमोरमध्ये शिव्या ऐकत रेचल प्रेक्षकांत बसून राहिली. सिराक्यूजमध्ये विरुद्ध संघाच्या खेळाडूने काळे मांजर मैदानात सोडले आणि ओरडून सांगितले, हा घे तुझा भाऊबंद. रॉबिन्सनने चेंडू टोलवला, धाव पूर्ण केली आणि परतताना एवढेच म्हणाला की आता माझा भाऊबंद खूश असेल. पण आत काय चालले होते ते शरीराने सांगितले. झोप उडाली, अन्न नकोसे झाले. डॉक्टरांनी तपासून विश्रांती घ्यायला लावली. थोड्याच दिवसांत तो परत मैदानात आला, कारण सरासरी टिकवण्यासाठी बाहेर बसला असे कोणी म्हणायला नको होते.

त्या हंगामात रॉयल्सनी १०० सामने जिंकले, ५४ हरले. रॉबिन्सनची सरासरी .३४९, म्हणजे हजार संधींत ३४९ यशस्वी टोले. इंटरनॅशनल लीगमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त. ११३ धावाही सर्वाधिक.

याच ठिकाणी थांबून जॉन राइट याची आठवण काढली पाहिजे. तो न्यू ऑर्लिन्सचा पिचर. तोही काळा, रॉबिन्सनच्या मागोमाग रॉयल्सने त्यालाही घेतले होते. शिबिरात दोघे एकत्र राहिले. त्याच शिव्या, तीच कुलपे. राइटला ते ओझे पेलले नाही. मोजकेच सामने खेळवून त्याला त्रुआ-रिव्हिएर या खालच्या संघात पाठवले. त्याच्या जागी रॉय पार्टलो हा दुसरा काळा पिचर आला, तोही थोड्या दिवसांत त्याच वाटेने गेला. पुढच्या वर्षी राइट पुन्हा काळ्यांच्या लीगमध्ये खेळू लागला आणि मोठ्या संघात कधीच पोचला नाही. तो कमी दर्जाचा नव्हता. आपण रॉबिन्सनची गोष्ट सांगून मुलांना म्हणतो, बघा, जिद्द असली की होते. जिद्द असूनही न झालेला माणूस त्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर झोपला होता. ज्या व्यवस्थेत टिकायला रॉबिन्सनच व्हावे लागते, ती व्यवस्थाच चुकीची. न टिकणारा नव्हे.

हंगामाच्या शेवटी अजिंक्यपदाची मालिका केंटकी राज्यातल्या लुईव्हिल संघाशी होती. पहिले तीन सामने तिकडे. लुईव्हिलच्या प्रेक्षकांनी रॉबिन्सनला असे काही हुसकावले की अकरा संधींत त्याला एकदाच यश आले. रॉयल्स दोन सामने हरून घरी परतले. वर्तमानपत्रांतून सगळे मॉन्ट्रियलला कळले होते. पुढच्या सामन्यात लुईव्हिलचा प्रत्येक खेळाडू मैदानात आला की अख्खे डेलोरिमिए हुर्यो करायचे. रॉबिन्सनने आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे की असली परतफेड त्याला एरवी पटत नसे, पण त्या दिवशी त्या लोकांबद्दल कृतज्ञता वाटली. तो सामना जादा डावात गेला आणि विजयी टोला त्याचाच होता. रॉयल्सनी ओळीने तीन सामने जिंकले. शेवटच्या सामन्यानंतर काय झाले ते सुरुवातीला सांगितलेच आहे. त्या गर्दीत शिरण्याआधी क्ले हॉपर त्याच्याकडे आले, हात पुढे केला आणि म्हणाले की तू मोठा खेळाडू आणि सज्जन माणूस आहेस, तू संघात होतास याचा आनंद वाटला. शिबिरातला प्रश्न विचारणारे तेच हॉपर.

१५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या तुरुंगात बावीस वर्षांचा एक काळा कैदी रेडिओला कान लावून त्याचे सामने ऐकत होता आणि प्रत्येक खेळीनंतर त्याची सरासरी काढत होता. तो कैदी म्हणजे माल्कम एक्स. पुढे दोघांचे जाहीर मतभेद झाले. १९६३ मध्ये वर्तमानपत्रातून त्यांनी एकमेकांना खरमरीत पत्रे लिहिली. माल्कम यांना रॉबिन्सन गोऱ्या मालकांचा फार ऋणी वाटत असे, रॉबिन्सनला माल्कम यांची भाषा पटत नसे. १९६४ मध्ये माल्कम हजला गेले आणि सगळ्या रंगांची माणसे एका ताटात जेवताना पाहून त्यांचे विचार बदलले. पुढच्याच वर्षी त्यांची हत्या झाली. रॉबिन्सननेही काही कायम मान खाली घातली नव्हती. सुरुवातीची वर्षे संपताच तो बोलू लागला, भांडू लागला, नागरी हक्कांच्या चळवळीत उतरला. तेव्हा पुष्कळांना तो आवडेनासा झाला. सोसणारा माणूस लोकांना प्रिय असतो, बोलणारा नाही. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

रॉयल्सची रोपवाटिका चालूच राहिली. रॉय कॅम्पानेला, डॉन न्यूकोम असे मोठे खेळाडू तिथून गेले. १९५४ मध्ये पोर्तो रिकोचा एकोणीस वर्षांचा रॉबर्टो क्लेमेंटे आला. त्याला ना इंग्रजी धड येत होते ना फ्रेंच. नियम असा होता की इतकी मोठी रक्कम देऊन घेतलेला मुलगा खालच्या संघात ठेवला तर हंगामानंतर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. म्हणून तो कोणाच्या नजरेत भरू नये यासाठी त्याला बहुतेक वेळ बाकावर बसवले जाई, असे म्हणतात. पण पिट्सबर्ग संघाचे क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच खेळाडूला पाहायला आले होते, त्यांनी सरावात या मुलाला पाहिले आणि ओळखले. १९४५ मध्ये रॉबिन्सनला शोधून रिकींकडे आणणारे हेच सुकफोर्थ. क्लेमेंटे पुढे पिट्सबर्गचा महान खेळाडू झाला. १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचे विमान समुद्रात कोसळले. त्याच्या नावावर बरोबर ३००० हिट आहेत.

आणि टॉमी लासोर्डा. डावखुरा पिचर, रॉयल्ससाठी शंभराहून अधिक सामने जिंकलेला. वरच्या थरात त्याला एकही विजय मिळाला नाही. १९५५ मध्ये डॉजर्सनी सँडी कोफॅक्स या नवख्या मुलासाठी जागा करायला त्याला पुन्हा मॉन्ट्रियलला पाठवले. तो आयुष्यभर हसत सांगायचा की मला हटवायला जगातला सर्वोत्तम डावखुरा पिचर लागला. व्यवस्थापक म्हणून त्याने पुढे डॉजर्सना १९८१ आणि १९८८ अशी दोन विश्वविजेतीपदे मिळवून दिली. मॉन्ट्रियलला मात्र तो आपलाच माणूस वाटत राहिला, कारण तो तिथे राहिला होता.

डॉजर्स १९५७ नंतर लॉस एंजेलिसला गेले. मॉन्ट्रियलमधली गर्दी ओसरली. १९६० चा हंगाम शेवटचा ठरला आणि रॉयल्स संपले. पुढे डेलोरिमिए मैदानही पाडले गेले. २०११ मध्ये डी गास्पे रस्त्यावरच्या त्या घरावर स्मृतिफलक लागला. रेचल यांनी २०२२ मध्ये वयाची शंभर वर्षे पूर्ण केली.

जिथे मैदान होते तिथे आज माध्यमिक शाळा आहे. रॉबिन्सन ज्या टप्प्यांवरून धावला, तिथे आता सकाळी हजेरी होते.